छपरातली चूल

नवऱ्याला मी वेगळं काढलं ते त्याच्या छातीसाठी. हे आधीच सांगून टाकते, कारण आळीतल्या बायकांना तेवढाच चघळायला विषय मिळाला होता. कोणी म्हणालं दुसरी बाई आहे, कोणी म्हणालं बाटली आहे. ह्यांना ना बाई झेपली असती ना बाटली. चढावर चार पावलं टाकली की माणूस भिंत धरून उभा राहायचा.

आम्ही चुनाभट्टीवरची माणसं. दगड फोडायचा, भट्टीत एक थर दगडाचा, एक थर कोळशाचा रचायचा, पेटवायचा, आणि भाजून पांढरा झाला की खालच्या तोंडातून लोखंडी दांड्याने ओढून काढायचा. ओढायचं काम ह्यांचं. लग्न करून आले तेव्हापासून मी ह्यांना त्या तोंडासमोरच बघत आलेय, डोक्याला फडकं, नाकाला फडकं, मधे नुसते लाल डोळे. त्या उन्हाळ्यात वाऱ्याने काय मनावर घेतलं कोण जाणे, रोज भट्टीकडून वस्तीकडे वाहायचा. वाळत घातलेले कपडे, पाण्यावरची झाकणं, पोरांच्या पापण्या, सगळं पांढरं. ओल्या हाताने काही धरलं की कातडी चरचरायची. रात्री तळहाताच्या भेगांत तेल भरायचं आणि सकाळी परत त्याच भेगा घेऊन कामावर जायचं.

एक दिवस मुकादमाने ह्यांच्या हातातला दांडा काढून घेतला. ओरडला नाही की काही नाही. "दादा, तुम्ही आता चाळणीवर बसा," एवढंच म्हणाला. चाळणीवर आम्ही बायका बसतो. विझवलेला चुना चाळायचा, खडे बाजूला काढायचे. मजुरीही बायकांचीच मिळते.

हे येऊन माझ्या शेजारी बसले. आमच्यात एक तोंडाळ आहे, तिला सगळे भोंगा म्हणतात. तिने लगेच आवाज दिला, "या, या! नव्या सूनबाई आल्या. सरका गं, जागा द्या."

सगळ्या हसल्या. हेही हसले. हसता हसता खोकला आला, तो थांबेना. मग चाळणी खाली ठेवून दोन्ही हात जमिनीवर टेकून बसले. बायका गप्प झाल्या, भोंगासुद्धा. तिने उठून पाणी आणून दिलं. मी चाळत राहिले. थांबले असते तर रडले असते, आणि चुन्यात रडायची सोय नाही, डोळे जळतात.

मोजणीबाई आल्या त्या त्याच आठवड्यात. कुठल्याशा मोठ्या संस्थेच्या होत्या त्या, दर वर्षी एकदा यायच्या. घरात माणसं किती, कोण जन्मलं, कोण गेलं, कोण बाहेरगावी कामाला लागलं, कोणाला काय दुखतं, सगळं विचारायच्या. वजन करायच्या, भिंतीला उभं करून उंची मोजायच्या, दंडाला पट्टा बांधायच्या. बाई चांगल्या होत्या. आमच्या घरातलं पाणी न कुरकुरता प्यायच्या. सासूबाईंना मात्र सगळा प्रकार फुकटचा वाटायचा. "दर वर्षी मी आखूड होते," त्या म्हणायच्या, "ते सांगायला हिला एवढ्या लांबून यावं लागतं?"

ह्या खेपेला बाई मोजायला नव्हत्या आल्या, आधी कळवायला आल्या होत्या.

"ह्या वर्षी एक नवीन आहे, वहिनी," त्या म्हणाल्या. "प्रत्येक कुटुंबातलं एक मोठं माणूस आम्ही शहरातल्या इस्पितळात नेणार. छातीचा फोटो, रक्त, सगळं तपासणार. काही निघालं तर औषधपाणी आमच्याकडून. अभ्यास चालू आहे तोवर."

मी हातातलं काम सोडून त्यांच्या समोर येऊन बसले. "मग ह्यांना न्या."

"तसं नाही. कोणाला न्यायचं ते मशीन ठरवतं. चिठ्ठी काढल्यासारखं. माझ्या हातात काही नाही."

"अहो बाई, आमच्या घरात आजारी माणूस एकच आहे. चिठ्ठी कशाला काढायची?"

"वहिनी, आजारीच तेवढे निवडून नेले तर गावाची खरी तब्येत कशी कळेल?"

"मला गावाची तब्येत नको कळायला. मला ह्यांची पाहिजे."

बाई खाली बघायला लागल्या. त्यांना वाईट वाटत होतं हे दिसत होतं, पण वाईट वाटून काय होतंय? वरच्या आळीत दुकानदार आणि त्याची बायको, दोघांना चार खोल्या. त्यांना कधी चुन्याचा कण लागलेला नाही. त्यांच्यातही एक निवडणार आणि आमच्यातही एक. हे मी बोलून दाखवलं. बाई म्हणाल्या, सगळ्यांना सारखी संधी मिळावी म्हणूनच तसं ठेवलंय. सारखी! बोलायला तोंड उघडलं असतं तर शिवीच आली असती.

मोठी माणसं आमच्या घरात चार. सासूबाई, हे, मी आणि माझी धाकटी जाऊ. धाकटीची दोन पोरं मोजणीत धरत नाहीत. धाकटे भाऊजी दूर कुठेतरी फरशी घासायच्या कारखान्यात होते. जाऊन वर्ष होत आलं होतं.

"आणि भाऊजी?" मी विचारलं.

"ते गेल्या खेपेपासून बाहेर आहेत ना. त्यांना इथे नाही धरता येत. ते जिथे राहतात तिथे मोजतील."

"तिथे कोण मोजतं?" धाकटी दारातून म्हणाली. ती सहसा कोणासमोर बोलत नाही.

बाईंनी पाणी प्यायलं. भांडं खाली ठेवलं.

त्या उठल्या तेव्हा मी दारापर्यंत गेले. "बाई, कुटुंब म्हणजे तुम्ही काय धरता?"

"एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब."

"आणि एका घरात चुली दोन असल्या तर?"

त्या चप्पल घालता घालता थांबल्या. हुशार बाई, त्यांच्या लगेच ध्यानात आलं. "तर दोन कुटुंबं," त्या हळूच म्हणाल्या. "पण खरंच वेगळं पाहिजे हं, वहिनी. मी येईन तेव्हा शेजारी विचारावं लागतं. पुढच्या महिन्यात येते मी."

दुसऱ्या दिवशी कामावरून परत येताना मी ह्यांना सांगितलं. "आजपासून तुम्ही मागच्या छपरात जेवायचं."

हे थांबले. तसेही थांबलेच होते, चढ होता. "का? मी काय केलं?"

"काही केलं नाहीत. तुमची चूल वेगळी करायची. तुम्ही एकटेच असलात की मशीन दुसऱ्या कोणाला निवडणार? झक मारत तुम्हालाच न्यावं लागेल."

"म्हणजे शिजवायचंही मीच?"

"मग काय मी येऊ? मी शिजवलं तर ती माझी चूल झाली."

"अगं, मला भात लावता येत नाही."

"भट्टी लावता येते आणि भात लावता येत नाही?"

हे हसले नाहीत. एका दगडावर बसले. "लोक काय म्हणतील?" म्हणाले. मी म्हटलं, "म्हणू देत. लोकांच्या छातीत घरघर नाही."

तीन दगड मांडून मी चूल करून दिली. एक पातेलं, एक तवा, एक ताट, एक भांडं. घरातली सुकी लाकडं वेचून छपरात रचली, ओल्या लाकडाचा धूर ह्यांना एक मिनिट सोसत नव्हता. झोपायला मात्र घरात या म्हटलं. झोपेचं कोणी विचारत नाही.

सासूबाईंना समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "माझ्या डोळ्यांदेखत घरात दोन चुली." बस. त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं बंद. काही हवं असलं की भिंतीला सांगायच्या. "मीठ कमी आहे," भिंतीला. "पोराला ताप आहे वाटतं," भिंतीला. मीही भिंतीकडे बघूनच हो म्हणायचे.

पहिले काही दिवस भात करपला. मग कच्चा राहिला. हे तसाच खायचे. संध्याकाळी मी घरात चुलीपुढे बसले की मागच्या बाजूने फुंकणीचा आवाज यायचा, फुंकायचं, मग खोकायचं, परत फुंकायचं. हातातलं टाकून जावं असं रोज वाटायचं. जात नव्हते. आमचं छप्पर उघडंच, चारी बाजूंनी शेजार. हे चुलीपुढे उकिडवे बसले की येणारीजाणारी माणसं मान वळवून बघायची. पुरुष ह्यांना काही बोलायचे नाहीत, मला बोलायचे. एकाने तर तोंडावर विचारलं, "अजून कमावतोय ना बिचारा? मग दोन घास का जड झाले?"

भोंगा रोज विचारायची, "काय गं, तुझा नवरा जेवला का? की उपाशीच?" पण मोजणीबाई विचारतील तेव्हा काय सांगायचं ते तिला मी सांगितलं होतं, आणि ती म्हणाली होती, "शिकवतेस काय मला, मी तर अजून दोन गोष्टी वाढवून सांगीन."

एकदा मी सासूबाईंना पकडलं. वाटीत डाळ घेऊन मागल्या दाराने निघाल्या होत्या.

"आई, कुठे?"

"माझ्या मुलाकडे," त्या म्हणाल्या. भिंतीला नाही, मलाच. "माझा आहे तो."

"तुमचाच आहे. म्हणून तर सांगते, नका नेऊ."

त्या वाटी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. वाटी कलंडून डाळ सांडत होती. मग परत आल्या, डाळ पातेल्यात ओतली आणि कोपऱ्यात जाऊन बसल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. मी जेवले. मला दुसऱ्या दिवशी घमेली उचलायची होती.

बाई यायला थोडे दिवस राहिले असतील, तेव्हा भाऊजी आले.

कोळशाच्या ट्रकवर बसून आले. ड्रायव्हरने भट्टीजवळ उतरवून दिलं, तिथून घरापर्यंत यायला त्यांना अर्धी दुपार लागली. दारात माणूस उभा राहिला आणि मी विचारलं, "कोण पाहिजे?" शपथ सांगते, ओळखलं नाही. गेले तेव्हा दाराच्या चौकटीत मावत नव्हते. आता सदरा खुंटीला अडकवावा तसा खांद्यांवर लोंबत होता. धाकटी आतून आली, तिने बघितलं, आणि त्यांच्या हातातलं गाठोडं घेतलं. पोरं तिच्या मागे लपली.

"सुट्टी दिली?" सासूबाईंनी विचारलं.

"हो," भाऊजी म्हणाले. मग श्वास घेतला. मग म्हणाले, "कायमची."

एकेक शब्दाला श्वास घ्यावा लागत होता. फरशी घासतात तिथली धूळ चुन्यापेक्षा बारीक असते म्हणे, दिसतसुद्धा नाही. त्यांच्यासारखे तिथे बरेच होते. कोणी खोकायला लागलं की मालक भाड्याचे पैसे देऊन घरी पाठवायचा. हे सगळं त्यांनी एका दमात नाही सांगितलं, दोन दिवस लागले सांगायला.

त्या संध्याकाळी हे कामावरून आले, भावाला बघितलं, आणि त्याच्या शेजारी भिंतीला टेकून बसले. दोघा भावांच्या छातीचे आवाज घरभर ऐकू येत होते, एक थांबला की दुसरा. मग हे उठले आणि म्हणाले, "चल, माझ्याकडे जेवायला."

मी त्यांच्या मागोमाग छपरात गेले. भाऊजी खांबाला टेकून बसले होते. ह्यांना बाजूला घेतलं. "हे काय चाललंय?"

"जेवण."

"मला वेड्यात काढू नका. दोघं जेवलात की चुलीवर दोघं झाले. मशीन कोणालाही उचलेल."

"हो."

"हो काय? त्यांना घरात जेवू द्या. तिथे मी आहे, आई आहे, त्यांची बायको आहे."

"तिथे तो चौघांत एक. इथे दोघांत एक." हे मला समजावून सांगत होते, जसं काही मला कळतच नव्हतं. "आणि मीही दोघांत एकच ना? अर्धी आशा आहेच की."

"अर्धी!" मी ओरडले. "महिनाभर लोकांचं ऐकून घेतलं मी. तुमच्या आईने माझ्याशी बोलणं टाकलं. तुमचा करपलेला भात नाकाने हुंगला रोज. हे सगळं अर्ध्यासाठी?"

"तुझं खरं आहे," हे म्हणाले. "सगळं खरं आहे. पण तो तिकडे घरात बसलेला असताना मी इथे एकटा बसून जेवू? माझ्याने ते होणार नाही गं."

भाऊजी सगळं ऐकत होते. कुठे जाणार उठून? मान खाली घालून बसले होते.

दुसऱ्या दिवशी पाणी भरताना धाकटी माझ्याजवळ आली. "ताई," म्हणाली, "तुम्ही नको म्हणालात तर मी त्यांना घरात आणते. तुम्ही म्हणाल तसं."

पोरगी मोठी चलाख. सगळं माझ्या गळ्यात घातलं. घरी आल्यावर सुकी लाकडं तिच्या हातात दिली. "छपरात नेऊन ठेव. ओली घालू देऊ नकोस, दोघांनाही धूर सोसत नाही."

मोजणीबाई आल्या त्या दिवशी वारा नेहमीसारखाच सुटला होता. हातातल्या मशीनची काच त्या सारखी फडक्याने पुसत होत्या. भोंगाने आपलं काम चोख केलं होतं. "वेगळे म्हणजे? अहो, तोंड बघत नाहीत एकमेकांचं!" असं तिने त्यांना सांगितलं. बाई आधी आमच्या चुलीपाशी बसल्या. सासूबाई, मी, धाकटी. वजन, उंची, दंडाचा पट्टा.

"तुमच्या चुलीवर कोणाला खोकला, धाप, छातीत दुखणं?"

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. धाकटी जमिनीकडे.

"आमच्या चुलीवर नाही," मी म्हटलं.

बाईंनी ते टिपलं. मग काचेवर बोट ठेवलं, थांबल्या, आणि म्हणाल्या, "आजी, तुम्ही."

"मी काय?"

"मशीनने तुम्हाला निवडलं. इस्पितळात यायचं आहे तुम्हाला."

सासूबाईंनी आधी ते मशीन बघितलं, मग बाईंना. "मला? माझ्या हाडांचे फोटो काढून कोणाला दाखवणार? माझ्या जागी माझ्या मुलाला न्या."

"तसं नाही चालत, आजी. एक तर तुम्ही, नाहीतर ह्या चुलीवरचं कोणीच नाही."

"मग कोणीच नाही," सासूबाई म्हणाल्या. "लिही, म्हातारी ठणठणीत आहे. दर वर्षी आखूड होते तेवढंच."

मग छपरात. दोघं भाऊ शेजारी शेजारी बसले होते. बाईंनी भाऊजींना बघितलं आणि हातातलं मशीन खाली केलं. गेल्या खेपेला त्यांनीच भिंतीला उभं करून भाऊजींची उंची मोजली होती, तेव्हा फूटपट्टी वर धरायला त्यांना टाचा उचलाव्या लागल्या होत्या.

"हे कधी आले?"

"आलाय," हे म्हणाले. "माझ्याच चुलीवर जेवतो."

बाईंनी डोकं खाजवलं. मग मला हाक मारली. "वहिनी, जरा इकडे या. तुम्ही शेजारची चूल, म्हणून विचारते. नियम असा आहे, बाहेरचं माणूस चार दिवसांसाठी आलं असेल तर तो पाहुणा, त्याला धरायचं नाही. कायमचं परत आलं असेल तर धरायचं. हे परत जाणार आहेत का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. हे, भाऊजी, खांबामागे धाकटी. हो म्हणायचं होतं मला. खोटं कशाला बोलू, ओठावर आलं होतं. जाणार आहेत, पुढच्या आठवड्यात जाणार आहेत. एवढं म्हटलं की काम झालं असतं, ह्यांचं नाव पक्कं. भाऊजी माझ्यासमोर काहीही बोलले नसते, इतका तो माणूस सरळ. आणि धाकटीही बोलली नसती, हेच वाईट.

"कुठे जाणार?" मी म्हटलं. माझा आवाज इतका चढला की बाई दचकल्या. "उभं तरी राहता येतंय का त्यांना? बघा की डोळ्यांनी!"

बाईंनी भाऊजींना मोजणीत धरलं. वजन केलं. काटा बघून परत एकदा केलं. मग काचेवर बोट ठेवलं. मला त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं. धाकटीलाही कळलं असावं, ती खांबामागून बाहेर आली.

"धाकटे दादा," बाई म्हणाल्या.

हे हसले. भावाच्या पाठीवर हात ठेवला. आणि मला भाऊजींचा राग आला. मरायला टेकलेल्या माणसाचा राग. दोन दिवस मी त्यांच्याकडे नीट बघू शकले नाही. देवाने पाप लावायचं तर लावू दे.

इस्पितळात न्यायची गाडी आमच्या आळीत शिरत नाही, भट्टीच्या रस्त्यावर उभी राहिली होती. भाऊजींना खुर्चीवर बसवून चौघांनी तिथवर नेलं. आत झोपवलं, धाकटी त्यांच्या पायाशी बसली. दुसऱ्या घरांतली माणसं आधीच बसली होती. दुकानदाराची बायको खिडकीपाशी, केस विंचरून, हातात खाऊचा डबा. तिला मशीनने निवडलं होतं.

भाऊजींचं गाठोडं घरीच राहिलं होतं. हे ते घेऊन मागून येत होते. मी त्यांच्याबरोबर. अर्ध्या वाटेत मी म्हटलं, "माझ्याकडे द्या." दिलं नाही. गाडीपाशी पोचेपर्यंत ओठ निळे पडले होते, तोंड उघडं, केसांत भुवयांत चुना. दाराची कडी धरून हे उभे राहिले. बोलता येईना.

ड्रायव्हर नवा होता. त्याने ह्यांना बघितलं आणि लगबगीने खाली उतरला. "अहो काका, तुमच्यासाठीच थांबलो होतो! चालत कशाला आलात अशा तब्येतीत? या, चढा. हात द्या." त्याने गाठोडं घेतलं, ह्यांचं कोपर धरलं आणि ह्यांचा एक पाय पायरीवर ठेवलासुद्धा.

मोजणीबाई पुढे बसल्या होत्या, मान खाली, मशीनमध्ये काहीतरी बघत होत्या. आत एक जागा रिकामी होती. सासूबाईंची असेल. हे पायरीवर एक पाय ठेवून वळले आणि माझ्याकडे बघितलं. मी हाक मारली नाही की थांबवलं नाही. मनात एकच होतं, चढा. चढा हो. कोणी काही विचारणार नाही, निम्म्या वाटेत कळलं तर कळलं, निम्म्या वाटेत कोण खाली उतरवतंय?

ह्यांनी पाय खाली घेतला. "पेशंट आत झोपलाय," म्हणाले. "मी त्याचं सामान घेऊन आलो होतो."

"मग तुम्हाला काय झालंय?"

"मला? काही नाही. धूळ आहे."

ड्रायव्हरने माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं. त्याने गाठोडं आत ठेवलं, दार लावलं आणि गाडी गेली. रस्त्यावरचा सगळा चुना उडून आमच्या अंगावर बसला. हे खोकत उभे राहिले, मी त्यांचं तोंड माझ्या फडक्याने झाकून धरलं.

घरी पोचलो. सासूबाई पोरांना घेऊन बसल्या होत्या. हे सरळ मागे छपरात गेले आणि चुलीत काड्या घालायला लागले.

"झालं ना आता?" मी म्हटलं. "चला घरात. कोणासाठी पेटवताय?"

"बाई पुढच्या वर्षी येणारच आहेत," हे म्हणाले. "विचारलं मी त्यांना. तेव्हा मी एकटाच असेन चुलीवर. मग नक्की."

"वर्षभर? वर्षभर इथे बसून खाणार?"

"महिना काढला की."

वर्ष. मी त्यांच्या मानेकडे बघितलं, गळ्याखालचे खड्डे श्वासागणिक आत जात होते. आणि हे वर्षाच्या गोष्टी करत होते, लाकडं पुरतील का बघत होते. मला रडू आलं. रडायचाही कंटाळा आलाय मला, पण आलं. घरात जाऊन मी माझं ताट वाढून घेतलं आणि परत मागे आले.

"नको हं," हे लगेच म्हणाले. "तू इथे जेवलीस की दोघं होतो."

"गप्प बसा. मी माझ्या चुलीवरचं आणलंय आणि खांबाच्या बाहेर बसलेय. विचारलं कोणी तर सांगा, शेजारीण आली होती गप्पा मारायला."

"शेजारीण फार भांडकुदळ आहे म्हणावं."

"सांगा की. आणि भात परत करपवलाय तुम्ही, तेही सांगा."

हे हसले. खूप दिवसांनी हसले, खांदे हलले तसं, आणि हसता हसता खोकला आला. मी हातातला घास ताटात ठेवला आणि तो थांबायची वाट बघत बसले.